नकलेची कुळकथा

‘नक्कल’ या शब्दाचे आपल्या भाषेत मोठे विचित्र नशीब आहे. परीक्षेच्या दालनात ती सापडली तर पोराचे वर्ष बुडते. आणि तलाठ्याच्या दप्तरातून तीच मिळावी म्हणून त्या पोराचा बाप चार खेपा घालतो. कागदावर ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असा शेरा पडला की त्याचा जीव भांड्यात पडतो. जुन्या नाटक मंडळ्यांत तर नटाने पाठ करावयाच्या भाषणांनाच नक्कल म्हणत, आणि ती ज्याची पक्की तो नट भरवशाचा. म्हणजे एकच शब्द एका दारात चोर ठरतो, दुसऱ्या दारात साक्षीदार आणि तिसऱ्या दारात गुणी गडी!

आम्हा शिक्षकांचा तर सारा संसार नकलेवर उभा आहे. कित्ता गिरवल्यावाचून कोणाचे अक्षर वळणावर आले आहे? आणि घरोघरच्या भिंतींचे काय? १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची मूळ तैलचित्रे राजवाड्यांत राहिली, पण त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती साध्या माणसांच्या माजघरात आल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या छापील चित्राला हळदकुंकू वाहताना ‘ही अस्सल नव्हे, नक्कल आहे’ असा विचार आपल्या आजीच्या मनाला शिवला असेल काय?

आज या दिवाळीच्या निमित्ताने अशाच एका नकलेची कुळकथा सांगावयाची आहे. ती चित्राची नव्हे, वाद्याची आहे. आणि वाद्यही आपल्याकडचे नव्हे. परंतु कथा ऐकल्यावर ती अगदीच परकी वाटणार नाही, असा माझा विश्वास आहे.

माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी विजेवर चालणारी एक गिटार टांगलेली आहे. अमेरिकेत १९५४ साली जन्मलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाच्या विख्यात गिटारीची ही चीनमध्ये तयार झालेली स्वस्त नक्कल. काही वर्षांपूर्वी एका दिवाळीच्या बोनसमधून सात हजार रुपयांना मी ती घेतली. अस्सल अमेरिकन गिटार घ्यावयाची तर लाखाच्या पुढे मजल जाते. तेवढ्यात आमच्याकडे एखाद्या लग्नाची निम्मी पंगत उठेल. मी काही मोठा वादक नव्हे. रात्री वह्या तपासून झाल्या की अर्धा-पाऊण तास वाजवतो. ‘अहो, तेवढे ते बारीक करा, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत,’ अशी स्वयंपाकघरातून दाद येते, तीवर मी संतुष्ट आहे.

शाळेतली मुले घरी आली की पुस्तकांकडे न पाहता आधी तिच्याकडे पाहतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, ‘सर, ही ओरिजिनल आहे?’ ‘नाही रे, कॉपी आहे,’ असे म्हटले की त्यांच्या डोळ्यांतला निम्मा प्रकाश विझतो. त्या विझलेल्या प्रकाशाचे मला वाईट वाटते. गिटारीसाठी नव्हे, मुलांसाठी. अस्सल आणि नक्कल यांचा निवाडा त्यांनी किती चटकन केला! या निवाड्याला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे पाहण्याची इच्छा मला तेथूनच झाली.

विजेच्या गिटारीचे मूळ शोधू गेले तर आपण पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर जाऊन पोहोचतो. तेथे १८९० च्या सुमारास जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादाचा तुकडा सरकवीत वाजवण्याची रीत रूढ केली. आपल्या कानांना ती ओळखीची वाटते, कारण तिच्यात मींड आहे. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोला मोठे प्रदर्शन भरले, तेथे हवाईच्या गवयांनी अमेरिकेला वेड लावले. परंतु मैफली मोठ्या होऊ लागल्या, तशी गिटार ऐकू येईनाशी झाली. तिचा आवाज नाजूक. शिंगे आणि ढोल यांच्यापुढे तिचे काय चालणार?

या अडचणीतून मार्ग काढला जॉर्ज बीचम या वादकाने आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर या कारागिराने. १९३१ मध्ये त्यांनी नमुना केला आणि १९३२ पासून ॲल्युमिनियमची ओतीव, वाटोळ्या अंगाची आणि लांब दांडीची गिटार विक्रीस आणली. लोक तिला तळणाचा तवा म्हणू लागले. रूपच तसे होते. तिच्या पोटातली युक्ती मात्र आजही बदललेली नाही. पोलादी तारेखाली चुंबक ठेवावयाचा आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळावयाचे. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो आणि ध्वनिवर्धक यंत्र त्याचा मोठा आवाज करते. या चुंबकाच्या डबीला वादक ‘पिकअप’ म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर अवलंबून आहे. सतारीला भोपळा लागतो, सारंगीला कातडे लागते, साध्या गिटारीला पातळ लाकडाची पोकळ पेटी लागते. आवाज घुमवण्याचे काम त्या पोकळीचे. आणि ती साधणे हे कसबी कारागिराच्या आयुष्यभराच्या तपाचे फळ. वीज आली आणि पोकळीची गरजच संपली. उलट, पोकळ पेटीत मोठा आवाज घुमून कर्कश शीळ उठे. तेव्हा भरीव लाकडाची गिटार का करू नये? लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून हे करून पाहिले. गिब्सन या नामांकित कंपनीने त्या वेळी त्याला वाटेला लावले. आणि १९५२ साली त्याच कंपनीने त्याच्याच नावाची भरीव गिटार बाजारात आणली. मधल्या बारा वर्षांत एक माणूस तिच्या पुढे निघून गेला होता. त्याचे नाव लिओ फेंडर.

लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ साली कॅलिफोर्नियात झाला. लहानपणी एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे, परंतु ओढा रेडिओकडे. १९३८ साली फुलर्टन गावात त्यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान घातले. आश्चर्य असे की, या गृहस्थांना गिटार वाजवता येत नव्हती आणि अखेरपर्यंत आली नाही. कदाचित म्हणूनच गिटार ही पूज्य वस्तू नसून दुरुस्त करता यावी अशी वस्तू आहे, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी लाकडाची सपाट फळी घेतली, तिला मेपलची दांडी चार स्क्रूंनी आवळली, पिकअप बसवले आणि झाली गिटार! दांडी बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. १९५० साली तिला त्यांनी ‘ब्रॉडकास्टर’ असे नाव दिले. ग्रेच नावाच्या कंपनीचे त्याच उच्चाराच्या नावाचे ढोल आधीपासून बाजारात होते. तिने हरकत घेतली. फेंडरांच्या कारखान्यात काही महिने नावाच्या पट्टीतला तेवढाच शब्द कात्रीने कापून बिननावाच्या गिटारी विकल्या गेल्या. १९५१ साली बारसे पुन्हा झाले आणि ‘टेलिकास्टर’ हे नाव पडले.

मग १९५४ साली आली स्ट्रॅटोकास्टर. तीन पिकअप, वादकाच्या पोटाशी रुतू नये म्हणून मागून खोलगट केलेले अंग, दोन शिंगे आणि सूर डोलवण्यासाठी घोडीला जोडलेला एक दांडा. तिचे रूप कागदावर उतरवण्यात फ्रेडी टॅव्हारेस या सहकाऱ्याचा मोठा हात होता. आणि हे टॅव्हारेस मूळचे हवाई बेटांवरचे, मांडीवर गिटार घेऊन वाजवणारे वादक! गंगा अशी उगमाला भेटली. किंमत होती दांड्यासह २४९ डॉलर ५० सेंट. ही किंमत त्या काळी थोडी नव्हे. अमेरिकेतली कायद्याने ठरलेली किमान मजुरी तेव्हा तासाला ७५ सेंट होती. म्हणजे मजुराने सुमारे ३३३ तास, आठवड्याचे ४० तास धरले तर आठ आठवड्यांहून अधिक राबावे, पै खर्चू नये, तेव्हा ती हाती यावी.

आता जिला आपण अस्सल म्हणतो, ती तरी आकाशातून पडली होती काय? सगळ्या खुंट्या एका बाजूला ओळीने बसवण्याची स्ट्रॅटोकास्टरची ऐट सर्वांना ठाऊक आहे. तशी रचना पॉल बिग्सबी या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी १९४८ साली केलेल्या गिटारीत होती. आणि त्याच्याही शंभर वर्षे मागे व्हिएन्नाच्या श्टाऊफर यांच्या गिटारीत होती. मग कोणी कोणाची नक्कल केली? वाद्यांच्या कुळात असा प्रश्न विचारूच नये. येथे प्रत्येक बाप कोणाचा तरी मुलगा असतो.

फेंडरांची खरी करामत एका रूपात नव्हती. गिटार सुट्या भागांत विभागून, यंत्रावर कापून, साध्या कामगारांकडून जोडून घेता येते, हे त्यांनी सिद्ध केले. आणि नियतीचा विनोद असा की, ज्या गुणामुळे ती जन्मली, त्याच गुणामुळे तिची नक्कल सोपी झाली. नामांकित सतारीची नक्कल करावयास दुसरा तसाच कारागीर लागतो. स्ट्रॅटोकास्टरची नक्कल करावयास करवत, पेचकस आणि मोजपट्टी पुरते.

आणि नकलेची भूक तर जगभर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडजवळ डॉलरची चणचण होती, त्यामुळे १९५० च्या दशकात तेथे अमेरिकन गिटारींच्या आयातीवर निर्बंध होते. तबकड्यांवर आवाज ऐकावयाचा, वेष्टणावर चित्र पाहावयाचे आणि उसासा टाकावयाचा! १९५९ मध्ये क्लिफ रिचर्ड या गायकाने हँक मार्विन या आपल्या साथीदारासाठी मुद्दाम अमेरिकेहून एक लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली. हे ज्याला परवडत नव्हते, अशा लिव्हरपूलच्या एका मुलाने त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात तयार झालेली, स्ट्रॅटोकास्टरच्या तोंडवळ्याची ‘फ्युच्युरामा’ नावाची गिटार घेतली. त्या मुलाचे नाव जॉर्ज हॅरिसन. हॅम्बुर्गच्या रात्रशाळेत, म्हणजे तिथल्या मद्यगृहांत पहाटेपर्यंत वाजवता वाजवता, बीटल्स मंडळी तयार झाली, तेव्हा त्याच्या गळ्यात ही स्वस्त गिटार होती. अस्सल स्ट्रॅटोकास्टर त्याला मिळाली ती १९६५ साली, सारे जग पायाशी आल्यावर.

ब्रायन मे या दुसऱ्या इंग्रज मुलाची गोष्ट तर आपल्या घरांत मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. अस्सल गिटार घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून १९६३ साली बाप-लेकांनी मिळून घरीच गिटार करावयास घेतली. दांडीचे लाकूड जुन्या शेगडीच्या चौकटीचे, दांड्याच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या, आणि पडद्यांवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे! पुढे ‘क्वीन’ या मंडळीबरोबर त्याने तीच गिटार जगभर वाजवली. गंमत पाहा, आज त्या घरगुती गिटारीच्या नकला बाजारात विकल्या जातात.

आपल्याकडे काय होते? हवाई गिटार कलकत्त्याला आधीच रुजली होती. तौ मो हे हवाईचे वादक १९४० च्या दशकात तेथे राहिले होते. व्हॅन शिपले यांच्या विजेच्या गिटारीवरच्या सिनेसंगीताच्या तबकड्या पुढे घरोघर वाजू लागल्या. १९६७ साली ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर गिटारीवर राग वाजवले, तेव्हा ते वाद्य आपल्या बैठकीत रीतसर येऊन बसले. मुंबईच्या सिनेमासंगीतात तर गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी पाश्चात्त्य वाद्यांचा सारा कारभार सांभाळला. १९७१ सालच्या ‘दम मारो दम’ या गाण्यातली गिटार ऐकून ज्यांचे वडील चिडले होते, असे वाचक अजून पुष्कळ असतील. ती वाजवणारे भूपिंदर सिंग पुढे हळुवार गझलांसाठी ओळखले गेले. परंतु ही स्टुडिओतली गोष्ट झाली. सामान्य घरातल्या मुलाला परदेशी गिटार म्हणजे आयातीचे निर्बंध आणि जबर जकात. धोबी तलावावर फुर्तादोंच्या दुकानाच्या काचेला नाक लावून पाहावयाचे, किंवा कलकत्त्याची देशी गिटार घ्यावयाची. त्यांतल्या एका छापाचे नाव तर ‘गिव्सन’ आहे. एका अक्षराच्या फरकात केवढी महत्त्वाकांक्षा साठवलेली असते!

पण नकलेची खरी राजधानी जपानमध्ये उभी राहिली. तेथेही आरंभ भुकेनेच झाला. १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘व्हेंचर्स’ या अमेरिकन मंडळीच्या दौऱ्यांनी जपानी तरुणांना विजेच्या गिटारीचे वेड लावले. नागानो प्रांतात मात्सुमोतो नावाचे डोंगराळ गाव आहे. लाकूडकामाची तेथे जुनी परंपरा. त्या गावी १९६० साली फुजिगेन नावाचा कारखाना निघाला. ‘फुजी’ म्हणजे तो विख्यात पर्वत आणि ‘गेन’ म्हणजे तार. या व इतर कारखान्यांतून, आयबानेझ, ग्रेको, तोकाई अशा छापांनी, १९७० च्या दशकात अमेरिकन गिटारींच्या नकला जगभर जाऊ लागल्या. सुरुवातीच्या कच्च्या होत्या. पण जपानी कारागिराने कित्ता सोडला नाही. त्याने जुन्या अस्सल गिटारी उकलल्या, मापे घेतली, वेढे मोजले आणि दरवर्षी अक्षर अधिक वळणदार केले.

नेमक्या याच काळात अस्सलाचे अक्षर बिघडत होते. प्रकृतीच्या तक्रारींमुळे लिओ फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये आपली कंपनी सी. बी. एस. या बड्या रेडिओ-टेलिव्हिजन कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नव्या धन्यांना हिशेब कळत होता. उत्पादन वाढले, आणि कामातली नजर सैल झाली, असे वादक बोलू लागले. १९७१ साली स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीचे चार स्क्रू होते त्यांचे तीन झाले. जुन्या १९५० च्या दशकातल्या गिटारी शोधण्याची धडपड सुरू झाली ती याच दिवसांत. म्हणजे नक्कल करणारा मूळ पोथीला धरून होता आणि पोथीचा मालकच पाठभेद करीत सुटला होता.

अखेर प्रकरण न्यायालयात गेले. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने १९७७ साली फिलाडेल्फियाच्या न्यायालयात आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकांवर दावा लावला. भांडण कशाचे? गिटारीच्या डोक्याचे! उघड्या पुस्तकासारखी वरची रेघ आमची आहे, ती तुम्ही घेतली, असे वादीचे म्हणणे. आयबानेझने तोवर आपले डोके बदलूनही टाकले होते. १९७८ साली आपसात तडजोड झाली. दावा लागला तो एकच. परंतु त्या दशकातल्या साऱ्याच जपानी नकलांना आता हौशी लोक ‘दाव्याच्या गिटारी’ म्हणतात आणि त्यांना जादा भाव देतात. बदनामीचेही भांडवल होते, ते असे.

फेंडर कंपनीने मात्र निराळा मार्ग धरला. १९८२ साली तिने जपानी व्यापाऱ्यांशी भागी करून फेंडर जपान ही संस्था काढली आणि मात्सुमोतोच्या त्याच फुजिगेन कारखान्याला काम दिले. स्वस्त गिटारींसाठी ‘स्क्वायर’ हे नाव योजले. ते मिशिगनमधल्या तारा बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचे. ती फेंडरने १९६५ साली विकत घेतली होती. चोर म्हणून ज्याचा संशय, त्यालाच घरजावई करून घेण्याचा हा प्रकार! आणि जावई गुणी निघाला. १९८५ साली सी. बी. एस.ने फेंडर कंपनी तिच्याच चालकांना १ कोटी २५ लाख डॉलरना विकली. वीस वर्षांनी किंमत वाढण्याऐवजी उतरली. या विक्रीत जुना कारखाना आला नाही. कोरोना गावी नवा कारखाना मार्गी लागेपर्यंत फेंडर नावाने विकल्या जाणाऱ्या गिटारींचा मोठा भाग जपानहून येत होता. नकलेने अस्सलाचे घर चालवले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. पुढे स्क्वायरचे काम कोरियात गेले, मग चीन आणि इंडोनेशियात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही थोड्या गिटारी आपल्या भारतातही तयार होऊन परदेशी गेल्या, तेव्हा इथल्या मुलाला परदेशी गिटार दुर्लभच होती.

आता कोणी विचारील, अस्सल आणि स्वस्त यांत फरक काहीच नाही काय? आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. माझी गिटार आली तेव्हा पडद्यांची टोके दांडीबाहेर आली होती. हात वरखाली करताना बोटे सोलवटत. खुंट्या ढिल्या, घोडी उंच, अंग थरांच्या लाकडाचे. पिकअपमध्ये मूळच्याप्रमाणे प्रत्येक तारेखाली वेगळा चुंबक नव्हता, खाली एकच चपटी चुंबकपट्टी चिकटवलेली होती. हे सारे स्वस्ताईचे हिशेब आहेत. यंत्रावर लाकूड कापावयास दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. खरा पैसा लागतो शेवटच्या दोन तासांना, माणसाच्या हाताने घासूनपुसून सारखे करण्याला. स्वस्त गिटारीत नेमके तेच दोन तास वजा केलेले असतात.

ते दोन तास मी परत घातले. आमच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या सरांनी बारीक कानस दिली. एका रविवारी आम्ही दोघांनी एकवीस पडद्यांची बेचाळीस टोके एकेक करून गोल केली, घोडीचे स्क्रू फिरवून तारा खाली आणल्या, प्रत्येक तार मध्यावर दाबून तिचा वरचा षड्ज जुळतो की नाही, ते पाहिले. संध्याकाळी ती सुरात लागली. यात जे शिकलो, ते लाखाच्या गिटारीने मला शिकवले नसते. तिच्यावर कानस चालवण्याची माझी छाती झाली नसती.

आणि याच गिटारीवर गेली दोन वर्षे आमच्या शाळेतला एक मुलगा शिकतो आहे. त्याच्या वडिलांची भाजीची हातगाडी आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी येतो, नखी खिशातून काढतो आणि मी अडतो तेथून पुढे वाजवतो. त्याच्यापुढे अस्सल आणि नक्कल असा पर्याय कधी नव्हताच. त्याच्यापुढे पर्याय होता तो नक्कल किंवा काहीच नाही. स्वस्त नकलेला हसणाऱ्यांनी हे दोन शब्द, ‘काहीच नाही’, नीट उच्चारून पाहावेत.

तरीही एका गोष्टीत मी कडक आहे. नक्कल वेगळी आणि बनावट वेगळी. रूप घ्यावे, पण नाव घेऊ नये. स्वस्त गिटारीच्या डोक्यावर खोटे फेंडर लिहून ती कोणी अस्सलाच्या भावाने विकली, तर ती लबाडीच होय. तेथे गरीब गिऱ्हाईकच आधी बुडते. ज्याने कल्पना काढली, पैसा आणि वर्षे घातली, त्याचे नाव त्याचेच राहिले पाहिजे. नाहीतर उद्या नवे काही करावयास कोण धजेल? रविवर्म्यांच्या चित्राचा छाप घरी लावणे निराळे आणि तो मूळ तैलचित्र म्हणून विकणे निराळे.

कायद्यानेही जवळजवळ हीच रेघ ओढली आहे. फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बास या तीन वाद्यांच्या अंगाच्या आकृतीवर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगितला. अनेक गिटार बनवणाऱ्यांनी विरोध केला. २००९ साली अमेरिकेच्या व्यापारचिन्ह मंडळाने कंपनीची मागणी फेटाळली. कारण असे की, इतकी वर्षे इतक्या जणांनी ही आकृती वापरली आहे की ती आता कोणा एकाची खूण उरली नाही. विजेची गिटार म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते. नाव मात्र फेंडरचे आणि डोक्याची आकृतीही फेंडरची. म्हणून माझ्या गिटारीचे धड स्ट्रॅटोकास्टरचे आणि डोके भलतेच. आपण गणपतीचे भक्त. आपल्याला यात वावगे ते काय वाटणार?

एखाद्या वस्तूची आकृती सर्वांची होऊन जाणे, ही तिच्या कर्त्याची हार म्हणावी की जीत? मला ती जीत वाटते. त्या जितीने त्याचा खिसा भरत नाही, हेही खरे. नकलांनी अस्सलाचे मोल कमी केले, असेही दिसत नाही. १९५८ ते १९६० मधल्या मोजक्या लेस पॉल गिटारी आज लाखो डॉलरना जातात. १९८२ च्या सुमाराच्या जपानी स्क्वायर हौशी लोक शोधत फिरतात. आणि १९९५ पासून खुद्द फेंडर कंपनी आपल्याच जुन्या गिटारींच्या नव्या नकला करून त्यांना मुद्दाम ओरखडे पाडते, रंग उडवते, लोखंडाला गंज आणते आणि त्या महाग विकते. आता नक्कल कोणी कोणाला म्हणावे?

या कुळकथेत सर्वांत विलक्षण भाग शेवटी लिओ फेंडर यांच्याच वाट्याला आला. कंपनी विकल्यावर त्यांचे स्वतःचे आडनाव दुसऱ्याच्या मालकीचे झाले. तरी हात स्वस्थ बसेनात. १९८० च्या सुमारास जॉर्ज फुलर्टन या जुन्या सोबत्याबरोबर त्यांनी ‘जी अँड एल’ नावाने नवा कारखाना काढला आणि तेथे आपल्याच जुन्या गिटारी सुधारून पुन्हा करू लागले. १९८५ साली त्यांतल्या एकीला त्यांनी हौसेने आपले पहिले नाव दिले, ब्रॉडकास्टर. त्यावर हरकत आली, ती या खेपेला फेंडर कंपनीची! म्हाताऱ्याने मुकाट्याने नाव बदलले आणि काम चालू ठेवले. १९९१ च्या मार्चमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते वारले. तोवर त्यांनी कामाचे मेज सोडले नव्हते. ज्याच्या गिटारीच्या नकला साऱ्या जगाने केल्या, तो माणूसही म्हातारपणी स्वतःचाच कित्ता गिरवीत बसला होता. आणि दरवेळी अक्षर मागच्यापेक्षा चांगले यावे, एवढीच त्याची खटपट होती.